माझा अनुभव: नवे आऊटपुट ट्रान्झिस्टर पुन्हा पुन्हा उडत होते

घरी बनवलेल्या अँप्लिफायरचे आऊटपुट ट्रान्झिस्टर (स्पीकरला ताकद देणारे) उडाले तर ते बदलायला फारसं डोकं लागत नाही. पण बदललेले नवेही उडाले, ते बदलून घातलेलेही उडाले, आणि सर्किटमध्ये काही सापडतच नाही, असं झालं की माणूस रडकुंडीला येतो. मी त्यातून गेलोय. मला बनावट ट्रान्झिस्टर विकणाऱ्या दुकानदारावरचा माझा राग अजून उतरलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

अँप्लिफायर साधा क्लास एबी, म्हणजे जोडीतला एक ट्रान्झिस्टर लाटेचा वरचा अर्धा भाग सांभाळतो, दुसरा खालचा. २४-०-२४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सप्लाय साधारण अधिक-उणे ३४ व्होल्ट, आणि प्रत्येक चॅनेलला २एससी५२०० व २एसए१९४३ या आऊटपुट ट्रान्झिस्टरची एकेक जोडी. गणपतीत कोणीतरी स्पीकर सरकवला, मागची वायर ओढली जाऊन शॉर्ट झाली आणि डावा चॅनेल गेला. फ्यूजही गेला, पण ट्रान्झिस्टर गेल्यानंतर. फ्यूज ट्रान्झिस्टर वाचवतो हा गैरसमज आहे, तो ट्रान्सफॉर्मर वाचवतो.

मल्टिमीटरवर दोन्ही ट्रान्झिस्टर कलेक्टर ते एमिटर (तीन पायांपैकी दोन, तिसरा बेस) शॉर्ट. आऊटपुट एकटे जात नाहीत, म्हणून दोन्ही ड्रायव्हर (आऊटपुटला चालवणारे छोटे ट्रान्झिस्टर), बेसचे रेझिस्टर, ०.२२ ओहमचे एमिटर रेझिस्टर सगळं तपासलं आणि जे गेलं होतं ते बदललं. यातलं एक जरी राहिलं तरी नवी जोडी चालू करताक्षणी जाते. नवी जोडी पुण्यात तपकीर गल्लीच्या बाजूच्या एका दुकानातून आणली. डब्यातून काढून दिली, छपाई झकास, भाव बरा.

पहिल्यांदा चालू करताना मेन्सला सिरीजमध्ये १०० वॅटचा बल्ब लावला होता. हा जुना तारेचाच बल्ब हवा, एलईडीचा इथे चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंदावला म्हणजे शॉर्ट नाही. आऊटपुटला डीसी नगण्य. मग बल्ब काढून बायस (आवाज नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडासा करंट) लावला: ०.२२ ओहमवर ११ मिलिव्होल्ट, म्हणजे ५० मिलिअँपिअर. सगळं छान. स्पीकरऐवजी ८ ओहमचे वायरवाउंड रेझिस्टर जोडून आवाज चढवत नेला, आणि निम्म्याच्या जरा पुढे गेल्यावर फट्. जोडी गेली.

त्याच दुकानातून दुसरी जोडी आणली आणि ती बसवण्याआधी बोर्ड अक्षरशः पिंजून काढला. बायसचा ट्रान्झिस्टर हीटसिंकला (उष्णता खेचून घेणाऱ्या धातूच्या तुकड्याला) घट्ट आहे का, प्रीसेट (बायस कमीजास्त करायचा स्क्रू) कुठे तुटक तर नाही, कलेक्टर आणि हीटसिंकमधला अभ्रक फाटलाय का, आऊटपुटवरचे ऑसिलेशन (नको असलेली आपोआप होणारी कंपनं) रोखणारे १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड जागेवर आहेत का. एका मित्राकडे ऑसिलोस्कोप आहे, त्यावर आऊटपुट पाहिलं. साइन वेव्ह स्वच्छ, ऑसिलेशनचा मागमूस नाही. लोड म्हणून तेच ८ ओहमचे रेझिस्टर लावले, आवाज चढवला, पुन्हा फट्.

दुकानात गेलो तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "साहेब, माल ओरिजिनलच आहे. तुमच्या सर्किटमध्येच गडबड असणार." बिलावर छापलेल्या ओळीवर बोट ठेवून दाखवलं: सेमीकंडक्टर परत घेतले जाणार नाहीत. मागे गिऱ्हाईक उभं, त्यांच्यासमोर हे ऐकून घ्यावं लागलं. खरा ताप हाच आहे. नवशिका असेल तर तो दुकानदाराचं म्हणणं खरं मानेल आणि महिनोन् महिने चांगल्या बोर्डात दोष शोधत बसेल.

घरी येऊन मी हिशेब मांडला. ३४ व्होल्ट सप्लाय आणि ८ ओहम लोड असताना साइन वेव्हवर एकेका ट्रान्झिस्टरमध्ये जास्तीत जास्त १५ वॅटच्या आसपास उष्णता होते. डेटाशीटप्रमाणे या ट्रान्झिस्टरची क्षमता १५० वॅट आहे. अर्थात ती केस (ट्रान्झिस्टरचं बाहेरचं आवरण) २५ अंशांवर असताना. केस ८० अंशांपर्यंत तापली तरी ८४ वॅट उरतात. मग १५ वॅटमध्ये तो मरेलच कसा?

उजव्या चॅनेलमधली जुनी जोडी काढून डाव्यात बसवली. तोच बोर्ड, तोच लोड, तोच आवाज. तासभर वाजला. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

मग उडालेला नवा ट्रान्झिस्टर व्हाइसमध्ये धरून फोडला. काळं प्लास्टिक निघाल्यावर तांब्याच्या पत्र्यावर सिलिकॉनची चिप दिसली, तिळाएवढी. जुन्या सेटमधला एक जळका पण खरा तुकडा माझ्याकडे पडून होता, तोही फोडला. त्याची चिप कितीतरी पटीने मोठी. बाहेरून दोन्ही सारखेच, पण एवढ्याशा चिपमधून ती उष्णता बाहेर जाणार कशी? मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर हे कधीच कळत नाही, तिथे दोन्ही ०.५-०.६ व्होल्टच दाखवतात.

न फोडता ओळखायचं असेल तर बेस-कलेक्टरमधली कपॅसिटन्स मोजा. मोठ्या चिपची जास्त येते. खात्रीचा एक नग शेजारी ठेवून तुलना करा, दुसऱ्या जोडीतला न उडालेला एक बनावट माझ्याकडे होता, तो निम्म्याच्याही खाली होता. छपाईवर कापसाने ॲसिटोन चोळूनही बघा, पुसली गेली तर शंका घ्यायला जागा आहे.

पण सगळ्यात भरवशाची परीक्षा लोडची. ट्रान्झिस्टर मोठ्या हीटसिंकवर कसून, बेंच सप्लायवर ३० व्होल्ट देऊन, एमिटरला १ ओहम घालून बेसचा करंट हळूहळू वाढवत कलेक्टरचा १ अँपिअरपर्यंत न्यायचा. ३० वॅट झाले. खरा निवांत बसतो. शिल्लक राहिलेला बनावट काही सेकंदांतच शॉर्ट झाला. आता बोर्डवर जाणारा प्रत्येक आऊटपुट मी आधी असाच तपासतो. नव्या जोड्या अधिकृत वितरकाकडून मागवल्या, भाव जवळजवळ तिप्पट पडला, आणि तो द्यावाच असं माझं ठाम मत आहे. एक उडालेली जोडी दोन ड्रायव्हर आणि मूठभर रेझिस्टर सोबत नेते, स्वस्ताई तिथेच संपते.

एक राहिलं. हे सगळं करताना स्पीकर जोडू नका. आऊटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की ३४ व्होल्ट डीसी थेट व्हॉइस कॉइलवर (स्पीकरच्या आतल्या गुंडाळीवर) जातो आणि वूफर जळतो. प्रोटेक्शन रिले (आऊटपुटला डीसी आला की स्पीकर तोडणारा) नसेल तर आधी तो बसवा. फिल्टरचे कपॅसिटर सप्लाय बंद केल्यावरही भरलेले असतात, हात घालण्याआधी १०० ओहम ५ वॅटच्या रेझिस्टरने रिकामे करा. आणि नवी जोडी घातल्यावर बायसचा प्रीसेट कमीत कमीवर आणूनच चालू करा, जुन्या जोडीला लावलेला बायस नव्या जोडीला जास्त होऊ शकतो. अर्धा तास तापू द्या, मग पुन्हा ११ मिलिव्होल्टवर आणा.