चित्र हलत नाही, म्हणूनच

'कागदावरच्या चित्राला घाबरायचं काय?' हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता तो कधी येणार हे आधीच कळतं. माझ्या हातात जपानी चित्रकथेचं, म्हणजे मंगाचं पुस्तक असतं. समोरचा माणूस ते चार ठिकाणी उघडून बघतो आणि परत देतो. सिनेमात अंधार असतो, आवाज असतो, एकदम काहीतरी अंगावर येतं, ते समजू शकतं. कादंबरीत निदान आपण मनाशी चित्र रंगवतो. इथे तर चित्र काढूनच दिलेलं, तेही न हलणारं, न बोलणारं. मग भीती येते कुठून? परवा तुम्हीही हेच विचारलंत. उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

आधी सिनेमाचंच बघा. नको ते दृश्य आलं की आपण डोळ्यांवर हात ठेवतो. दृश्य त्याच्या वेगाने निघून जातं आणि शेजारचा सांगतो, 'गेलं, बघ आता.' पुस्तकात ही सोय नाही. तुम्ही डोळे मिटलेत तर चित्र तिथेच थांबतं. पुस्तक मिटून आठ दिवस कपाटात ठेवलंत, तरी त्या पानावर ते तसंच असतं. आणि सिनेमात बंद खोलीचं दार कुणीतरी दुसरंच उघडतं. इथे ते उघडायचं काम आपल्याकडे असतं. पान उलटणारा हात आपला असतो. पुढे काय आहे याचा अंदाज आलेला असतो, तरी तो हात पुढे जातो.

मंगाकार हे पुरेपूर ओळखून असतात. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे समोरासमोरच्या दोन पानांवर नजर शेवटी डाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात येऊन टेकते. तिथे बहुतेक वेळा एक चेहरा असतो, काहीतरी पाहून थिजलेला. त्याने काय पाहिलं ते पानाच्या पाठीमागे असतं. इंग्रजी आवृत्त्यांमध्ये पूर्वी पानं आरशातल्यासारखी उलटी करून छापत. आता बहुतेक मूळ दिशेनेच छापतात आणि मला त्याचा फार आनंद आहे, कारण उलटं केलं की चित्रातली नजरेची ओढच बिघडते.

या खेळाचा मोठा गुरू म्हणजे काझुओ उमेझु. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये, ८८व्या वर्षी ते गेले. १९७२ ते १९७४ या काळात क्रमशः आलेल्या त्यांच्या 'द ड्रिफ्टिंग क्लासरूम'मध्ये एक अख्खी शाळा मुलांसकट गायब होते आणि एका ओसाड, उजाड जगात जाऊन पडते. आज वाचताना त्यातला आरडाओरडा कानठळ्या बसवतो, जवळजवळ प्रत्येक पानावर कुणीतरी तोंड फाडून किंचाळत असतं. पण त्यातली एक गोष्ट मला अजून सोडत नाही. तिथे आधी मोठी माणसं कोलमडतात. मुलं मात्र अन्न मोजतात, पाणी शोधतात, नियम करतात.

पुढे स्वतः भयकथांचा मंगाकार झालेल्या जुंजी इतोला उमेझुंच्या मंगा लहानपणी बहिणींमुळे वाचायला मिळाल्या. इतो दंततंत्रज्ञ होता, दातांच्या कवळ्या बनवण्याचं काम करायचा. १९८७ साली त्याने 'तोमिए' ही कथा स्पर्धेला पाठवली. स्पर्धा उमेझुंच्याच नावाची होती आणि परीक्षकांत उमेझुही होते. कथेचा उल्लेखनीय म्हणून गौरव झाला. ज्याच्या चित्रांनी लहानपणी झोप उडवली त्याच्याकडूनच शाबासकी मिळणं, याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही.

इतोची 'उझुमाकी' १९९८-९९मध्ये आली. नाव वाचून वाटतं एखादं पिशाच्च असेल, पण उझुमाकी म्हणजे नुसतं वेटोळं, भोवऱ्याचा आकार. एका गावाला त्या आकाराची बाधा होते. एका मुलाचा बाप गोगलगायी, शिंपले, जे जे वळलेलं दिसेल ते जमवत सुटतो आणि शेवटी स्वतःचं शरीरच एका गोल लाकडी टबात वेटोळं करून घेतो. ते चित्र पान उलटल्यावर समोर येतं. मग त्या मुलाच्या आईला वेटोळ्यांची धास्ती बसते आणि तिच्या लक्षात येतं की बोटांच्या टोकांवरही वेटोळी आहेत. इथे मी पुस्तक खाली ठेवून माझ्या बोटांकडे पाहिलं होतं. कानाच्या आतली नळीही गोगलगायीसारखी वळलेली असते, हे तिला कळू नये म्हणून मुलगा किती धडपडतो ते मी सांगत नाही. भूत असेल तर पुस्तक मिटता येतं, बोटांचे ठसे कुठे ठेवणार?

'उझुमाकी'ची चार भागांची कृष्णधवल ॲनिमेशन मालिका २०२४मध्ये आली. पहिला भाग देखणा होता, रेषेतली बारीक कामगिरीही जपली होती. पण तो टब आला आणि गेला. पुस्तकात त्या पानाच्या कोपऱ्याशी बोट घेऊन मी हवा तितका वेळ थांबले होते. ते थांबणंच नाहीसं झालं.

इतोबद्दल माझी एक तक्रार आहे, ती सांगायलाच हवी. त्याची माणसं लक्षात राहत नाहीत. त्यांच्यावर जे गुदरतं तेवढंच राहतं. म्हणून तो लांब कथेपेक्षा छोट्या कथेत जास्त भेदक आहे. भूकंपाने डोंगरकडा उघडा पडतो, त्यात माणसांच्या आकाराची असंख्य भोकं दिसतात आणि लांबून लांबून लोक येतात, कारण त्यांतलं एक भोक नेमकं आपल्याच मापाचं आहे हे त्यांनी ओळखलेलं असतं. 'गियो' या पुस्तकाच्या शेवटी जोडलेली ही आमिगारा कड्याची कथा. तिथे माणसं कोण आहेत हे कळायची गरजच नसते. तुम्हाला एकच काहीतरी वाचून बघायचं असेल तर हे वाचा.

आवाजाचं राहिलं. 'चित्राला आवाज नाही' हे म्हणणं मला तितकंसं पटत नाही. मंगामध्ये आवाज अक्षरांतच काढलेले असतात, कधी चौकटीभर पसरलेले. इतकंच नाही, शांततेलाही तिथे एक नाद आहे, 'शीऽऽन'. कुणी बोलत नाही, काही हलत नाही, आणि रिकाम्या खोलीवर ती अक्षरं लिहिलेली असतात. आपल्याला हे कळायला जड जाऊ नये, कारण मराठीत अंधारसुद्धा किर्र असतो. रातकिडे असोत नसोत, किर्र म्हटलं की तो काळोख कानाला लागतो. मोकुमोकुरेन या टोपणनावाने लिहिणाऱ्या मंगाकाराची 'द समर हिकारू डाइड' २०२१पासून येते आहे, त्यावरची ॲनिमेशन मालिकाही २०२५मध्ये आली. त्यात डोंगराळ गावातल्या उन्हाळ्याची किरकिर पानांवर अशी दाटते की चौकटीत उभ्या मुलांना श्वास घ्यायला जागा उरत नाही. आणि मग ती एकदम थांबते.

कथा साधी आहे. योशिकीचा जिवलग मित्र हिकारू डोंगरात हरवतो आणि काही दिवसांनी परत येतो. तेच हसू, तीच बोली, त्याच आठवणी. पण हा हिकारू नाही हे योशिकीला कळतं, आणि सुरुवातीलाच तो ते तोंडावर विचारतो. जे काही हिकारूच्या रूपात आलंय ते कबूल करतं. इथे बहुतेक कथा पळायला लागल्या असत्या. योशिकी ठरवतो की काहीच नसण्यापेक्षा हे असलेलं बरं. अत्यंत जवळचं माणूस गेलेल्या कुणालाही विचारा, या सौद्याला 'नाही' म्हणायला त्यांना किती वेळ लागेल.

आता ज्या पुस्तकासाठी मी हे लिहायला बसले त्याच्याकडे येते. शुझो ओशिमीची 'ब्लड ऑन द ट्रॅक्स', २०१७ ते २०२३, १७ खंड. भूत नाही, शाप नाही, रक्तही फार नाही. शाळकरी सेइची आणि त्याची आई सेइको. आई प्रेमळ आहे, जरा जास्तच. पहिल्याच खंडात कुटुंबासोबत डोंगरावर गेलेले असताना ती सेइचीच्या नात्यातल्या एका भावाला कड्यावरून ढकलते. सेइची बघतो. ती मागे वळते.

तो चेहरा कसा आहे हे मला अजून शब्दांत पकडता आलेलं नाही. ओशिमी पानंच्या पानं एक शब्दही लिहीत नाही. आईचा चेहरा, मुलाचा डोळा, पुन्हा आईचा चेहरा, किंचित बदललेला. एक खंड अर्ध्या तासात सहज संपतो, इतका कमी मजकूर आहे. मला पहिल्या खंडाला तीन रात्री लागल्या, कारण ती हसते आहे, की रडायच्या बेतात आहे, की काहीच नाही, हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. मुलाचंही तेच चाललेलं असतं. आईच्या चेहऱ्याचा अंदाज घेत घेत जगणारं मूल. जसजसा तो ढासळतो तसतशा ओशिमीच्या रेषा विरत जातात, माणसांच्या कडा पुसट होतात. सिनेमातल्या नटीला हा चेहरा इतका वेळ धरता येणार नाही, कुठेतरी पापणी लवेलच. चित्राची पापणी लवत नाही.

मी आई आहे. तिसऱ्या रात्री मुलगा पाणी प्यायला उठला आणि दारात थांबून म्हणाला, 'काय झालं, आई? रागावलीस का?' मी रागावले नव्हते, मी वाचत होते. पण त्याने आधी माझा चेहरा वाचला होता, मगच आत पाऊल टाकलं होतं. हे तो किती वर्षं करत असेल याचा विचार मी तोवर केलाच नव्हता. पुस्तक बाजूला ठेवून मी त्याच्याजवळ बसले. भयकथा कशाला वाचतेस असं विचारणाऱ्यांना मी पूर्वी बरंच काही सांगायचे, आता ही रात्र सांगते.

जपानबाहेर दोन चित्रकर्तींकडे मी डोळे लावून असते. कॅनडाच्या एमिली कॅरोलची 'अ गेस्ट इन द हाउस' २०२३ची. विधुराशी लग्न करून त्याच्या घरात आलेली ॲबी आणि तिथली पहिली बायको. ॲबीचं रोजचं आयुष्य राखाडी रंगात आहे आणि भीती येते ती रंग घेऊन. वाचक त्या लालभडक पानांची वाट बघायला लागतो, ॲबीसारखाच, आणि तिथेच फसतो. दुसरी अमेरिकेची एमिल फेरिस. 'माय फेवरेट थिंग इज मॉन्स्टर्स'चा पहिला भाग २०१७चा, दुसरा २०२४चा. शिकागोतल्या दहा वर्षांच्या मुलीची ही वही, रेघी पानांवर बॉलपेनने काढलेली. वेस्ट नाईल विषाणूच्या संसर्गाने फेरिसला पक्षाघात झाला होता. हाताला पेन चिकटपट्टीने बांधून ती पुन्हा चित्र काढायला शिकली. तिच्या वहीत राक्षस हे आसऱ्याचे आहेत, भ्यायचं ते माणसांना. दुसरा भाग मला पहिल्याइतका घट्ट वाटला नाही, पण त्यातल्या रेषांसाठी मी तिसराही वाचेन.

निव्वळ शब्दांच्या भयकथेत अलीकडे मला एक गोष्ट खुपते. राक्षस आला की शेवटी कळतं, तो म्हणजे नायिकेचं दुःख. दुःखाचा उलगडा झाला की राक्षस गेला. असं चोख उत्तर मिळालं की माझी भीती तिथेच विझते. स्टीफन ग्रॅहम जोन्सच्या २०२५च्या 'द बफेलो हंटर हंटर'मध्ये तसं होत नाही. जोन्स स्वतः ब्लॅकफीट, म्हणजे अमेरिकेतल्या एका मूळनिवासी जमातीतला. २३ जानेवारी १८७० रोजी अमेरिकी सैन्याने मरायस नदीकाठच्या छावणीवर हल्ला करून ब्लॅकफीट लोकांची कत्तल केली, मेलेल्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. कादंबरी त्या कत्तलीच्या सावलीत घडते. तिच्यातला रक्तपिपासू ज्याचं रक्त पितो त्याच्यासारखा होत जातो. गोऱ्यांचंच पीत राहिला तर गोरा होईल. आपल्या लोकांतला राहायचं तर आपल्याच लोकांचं प्यायला हवं. या एका नियमात सगळा इतिहास आहे, आणि तो उलगडून सांगितल्यावरही भीती जराही कमी होत नाही. अर्जेंटिनाच्या मारियाना एन्रिकेसची २०१९ची 'आवर शेअर ऑफ नाइट' याच जातीची. लष्करी राजवटीत माणसं नाहीशी होत असताना एक बाप आपल्या मुलाला एका अघोरी पंथापासून लपवत फिरतो. तो मुलाला वाचवायला जे करतो ते वाचताना मला पुन्हा सेइको आठवली.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर कागदावरचं पुस्तक घ्या, एकट्याने वाचा आणि पुढची पानं आधी चाळून बघू नका. एवढंच पथ्य. मुलगा आता चौदाचा आहे, त्यानेही परवा हाच प्रश्न विचारला. 'ब्लड ऑन द ट्रॅक्स' मी त्याला अजून दिलेली नाही. 'हिकारू'चा पहिला खंड दिला. रात्री त्याच्या खोलीतला दिवा बराच वेळ चालू होता. सकाळी पुस्तक माझ्या टेबलावर होतं, मुखपृष्ठ खाली करून ठेवलेलं, आणि दुसरा खंड कपाटातून गेलेला होता.