विमानाचं इंजिन, १ नग

परदेशातून मॉडेलचे भाग मागवणार असाल तर विकणाऱ्याला आधीच बजावा: पार्सलवर नुसतं 'एअरक्राफ्ट इंजिन' लिहू नकोस बाबा.

मी वेस्टलँड वापिटी या जुन्या दुपंखी विमानाचं मॉडेल करत होतो. किट न घेता, १/४८ प्रमाणात. १ एप्रिल १९३३ला कराचीत ड्रिघ रोडला भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन सुरू झाली ती चार वापिटींवर. एक वापिटी आजही दिल्लीत पालमच्या संग्रहालयात आहे. प्लॅस्टिक शीटची बॉडी, गरम पाण्यात वाकवलेले पंख, तासलेल्या बांबूच्या काड्यांचे स्ट्रट (दोन पंखांमधले खांब), सगळं मजेत झालं. इंजिन मात्र नऊ सिलिंडरचं ब्रिस्टल ज्युपिटर, तेही नाकावर उघडं. बघणाऱ्याची नजर पहिली तिथेच जाते. म्हणून रेझिनचं तयार मागवलं आणि कस्टम्समध्ये अडकलो.

ट्रॅकिंग हलेना. मग पत्र आलं: विमानाचं इंजिन कशासाठी मागवलं, परवाना जोडा. फोनवर विचारणा, "ड्रोन आहे का?" म्हटलं, साहेब, मोटर नाही, वायर नाही, ते फिरतसुद्धा नाही. "मग इंजिन का लिहिलंय?" ९ फेब्रुवारी २०२२पासून ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, पण सुट्या भागांवर नाही, आणि हा तर ड्रोनचा भागही नाही, हे ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं. आधार, बिल, पैसे भरल्याचा पुरावा, सगळं पाठवलं. तेच परत मागितलं. दरम्यान घरी वापिटी बिननाकाची पडून, वर धूळ.

शेवटी प्रत्यक्ष गेलो. डबी उघडली. आत करड्या रेझिनची चकती, २९ मिलिमीटर, दहाच्या नाण्याहून जरा मोठी. साहेबांनी ती बोटांत धरून उलटसुलट केली, शेजारच्या टेबलावर दाखवली. "एवढंसंच?" ड्यूटी भरून बाहेर पडलो तेव्हा हसावं की भांडावं कळेना.

तेव्हा बिलावर 'स्केल मॉडेलचा रेझिन भाग, न चालणारा' असं लिहून घ्या आणि ९५०३ हा कस्टम्सचा कोड टाकायला सांगा. स्केल मॉडेल त्यातच येतात. पट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटोही विकणाऱ्याकडून मागून ठेवा.

हो, पंखांमधल्या तारांचं राहिलंच. वरचा पंख बसवण्याआधी सगळी भोकं पाडून घ्या, नंतर ड्रिल आत शिरत नाही. तारांसाठी ताणला जाणारा बारीक धागा बरा, हात लागला तरी सैल पडत नाही.

मागच्या कॉकपिटची लुईस गन मी इंजेक्शनच्या सुईपासून घरीच केली. पार्सलवर 'मशीन गन, १ नग' लिहून आली असती तर सोडवायला कोण जाणार होतं?