ओरिजिनल आहे का हो?

पाहुणा चहाचा कप हातात घेतो, मान वळवून सोफ्यामागच्या भिंतीकडे बघतो आणि विचारतो, "ओरिजिनल आहे का हो?" नाही म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न, "मग छापील चित्राला एवढी भारी फ्रेम कशाला?" सोसायटीच्या सेक्रेटरींपासून जावेच्या भावापर्यंत सगळ्यांचं विचारून झालंय. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर सांगते.

चित्र आहे पीटर ब्रूगलचं, 'बर्फातले शिकारी', साल १५६५. त्याच नावाचा मुलगाही चित्रकार झाला, म्हणून हा थोरला ब्रूगल. मूळ चित्र व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे. ते माझ्या हॉलमध्ये असतं तर चहा सोडा, मी तुम्हाला दारसुद्धा उघडलं नसतं.

आता जरा उठून जवळ या. डावीकडून तीन शिकारी बर्फ तुडवत टेकडी उतरतायत. पाठमोरे, वाकलेले. मागोमाग दमलेली कुत्री. शिकार म्हणाल तर एकाच्या खांद्यावरच्या भाल्याला एक कोल्हा लटकतोय, बस्स. खानावळीची पाटी एका कडीतून निसटून तिरकी लोंबतेय, खाली जाळ पेटलाय. आणि पलीकडे दरीत, गोठलेल्या तळ्यांवर, मुंगीएवढी माणसं घसरतायत, खेळतायत. एक बाई दुसरीला बर्फावरून ओढत नेतेय. पुलावरून कुणीतरी पाठीवर मोळी घेऊन चाललंय. आभाळ निळं नाहीच. हिरवट करडं आहे, आणि तळ्यावरच्या बर्फाचाही तोच रंग. थंडी वाजते ती त्या रंगामुळे.

मागचे ते टोकदार सुळके मात्र तिथले नाहीत. ब्रूगल अँटवर्प-ब्रुसेल्सकडचा, म्हणजे आजच्या बेल्जियमचा, तिथली जमीन पाटासारखी सपाट. डोंगर तो इटलीच्या प्रवासात आल्प्समध्ये बघून आला आणि ते घरच्या गावाला जोडून दिले. आपल्याकडे अकोल्याची पोरं समुद्र न बघताही चित्रकलेच्या वहीत दोन डोंगर, मधे सूर्य, नदी आणि काठाला नारळाचं झाड काढतात ना, तसलीच ही सीनरी. फरक काय तो हाताचा.

माझं पहिलं प्रिंट हे नव्हे. आधी मी ऑनलाइन एक कॅनव्हास प्रिंट मागवलं होतं, २४ बाय ३६ इंच. आलं ते बघून गलबललंच. मूळ चित्र ११७ बाय १६२ सेंटीमीटर. ३६ इंच रुंदीला ते २६ इंच उंच हवं, म्हणजे २४मध्ये बसवायला वरखाली मिळून दोन इंच उडवलेले. शिवाय चौकटीवर ताणताना कडा मागे वळवाव्या लागतात, त्यासाठी जागा चित्रातूनच घेतलेली. खानावळीची पाटी गेली भिंतीकडे. आभाळाला कुणीतरी छान प्रसन्न निळा रंग चढवलेला, जणू महाबळेश्वरची सकाळ. आणि सगळ्यावर कडी म्हणजे वरून पारदर्शक जेलचे फटकारे, हातानं रंगवल्यासारखं वाटावं म्हणून.

दोन वर्षांनी व्हिएन्नाला जायचा योग आला तेव्हा मूळ चित्रासमोरच्या बाकावर बसून मी एकटीच हसले. ते कॅनव्हासवर नाहीच मुळी! ओकच्या फळ्यांवर काढलंय, आणि रंग इतका पातळ की फटकारे शोधूनही सापडू नयेत. माझ्या प्रिंटवर जे जे 'खरं' वाटावं म्हणून घातलं होतं, नेमकं तेच खऱ्यात नव्हतं.

परत आल्यावर ते उतरवलं आणि हे करून घेतलं. मुळाच्या साधारण निम्मं, ३३ इंच रुंद, २४ इंच उंच. जाड सुती कागद, पिगमेंट शाई, चारी बाजूंना पांढरी कड, चित्र काठापासून काठापर्यंत पूर्ण. लांबून बघितलं तरी कळतं की प्रिंट आहे. कळू दे की. नक्कल करायला गेलेलं प्रिंट आपल्याला चित्र बघूच देत नाही, सारखं स्वतःकडे बघायला लावतं.

छापील म्हणजे कमअस्सल, हेही मला पटत नाही. खुद्द ब्रूगल छपाईवर जगला होता. १५५५च्या सुमारास अँटवर्पमध्ये हिरोनिमस कॉक नावाचा गृहस्थ चित्रं छापून विकायचा, त्याच्या दुकानाचं नाव 'चार वारे'. त्याच्यासाठी ब्रूगलनं मोठमोठ्या निसर्गदृश्यांची रेखाटनं केली, दुसऱ्यांनी ती तांब्याच्या पत्र्यावर उतरवली आणि लोकांनी ती विकत घेतली. शिकाऱ्यांचं चित्र मात्र एका श्रीमंताच्या घरासाठी होतं. निकलास योंगेलिंक या व्यापाऱ्यानं ऋतूंची मालिका करून घेतली होती. त्यातली पाच उरली आहेत, तीन व्हिएन्नात, एक प्रागला, एक न्यूयॉर्कला. म्हणजे तेही मुळात कुणाच्या तरी भिंतीसाठीच केलेलं. पुढे इंग्लंडच्या जॉन कॉन्स्टेबल या चित्रकारानं १८३०पासून आपली निसर्गचित्रं डेव्हिड लुकास या पत्र्यावर कोरणाऱ्या कारागिराकडून छापून घेतली आणि एकेका पत्र्यापायी त्या बिचाऱ्याचा जीव खाल्ला. खपली नाहीत ती गोष्ट वेगळी.

आणि कशाला लांब जायचं? आमच्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी रविवर्मा प्रेसची होती. छापीलच. तिच्यापुढे हात जोडताना कुणी विचारलं नाही, ओरिजिनल आहे का हो.

आता फ्रेम. हो, ती प्रिंटपेक्षा महाग पडली. पट्टी साधीच आहे, पैसे गेले ते आतल्या माउंटला, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीला, आणि काचेला. काच कागदाला चिकटली की आपल्या पावसाळ्यात ओल धरते, डाग पडतात आणि मग प्रिंट सोलून काढावं लागतं. माउंटमुळे मधे जागा राहते. माउंटही ॲसिड-फ्री हवा, नाहीतर चार-पाच वर्षांत कडेनं पिवळट पट्टा उमटतो. फ्रेमवाल्या काकांनी सोनेरी नक्षीची पट्टी पुढे केली होती, "मॅडम, फॉरेनचं चित्र आहे, शोभेल." नाही घेतली. आणि खिडकीसमोर लावायचं नाही. सलूनमधली ती स्वित्झर्लंडची पोस्टरं आठवतात? लाल-पिवळं उडून नुसती निळी झालेली? ऊन आणि स्वस्त शाई, दुसरं काही नाही.

गेल्या महिन्यात बेसिनचा नळ दुरुस्त करायला प्लंबर आला होता. काम आटोपून हात पुसत चित्रासमोर उभा राहिला. ओरिजिनल आहे का वगैरे काही विचारलं नाही. बोट काचेजवळ नेऊन म्हणाला, "ताई, हे लोक शिडी घेऊन कुठं पळतायत?"

मी चष्मा लावून बघितलं. लांबच्या एका घराच्या धुराड्याला आग लागलेली, आणि माणसं ती विझवायला धावतायत. तीन वर्षं रोज या सोफ्यावर बसते, व्हिएन्नातही अर्धा तास समोर बसले होते. मला दिसलं नव्हतं.