रग्बी-वाचन, पाचवा महिना: अर्ध्यावरची आत्मचरित्रं

ठरवली होती महिन्याला दोन पुस्तकं, झालीत पाच महिन्यांत सहा. जुलैत वडोदऱ्यात पाऊस असा लागला की पार्सल आठवडाभर अडकलं आणि आलं तेव्हा पुठ्ठ्याचे कोपरे फुगलेले. दांडिया बाजारातल्या घरात खाटेवर जुनी चादर टाकून पंख्याखाली पुस्तकं वाळवली. आई म्हणाली, "पापडसुद्धा इतक्या निगुतीनं वाळवत नाहीस."

या खेपेला मुद्दाम, खेळत असतानाच लिहिलेली आत्मचरित्रं मागवली होती. ती वाचूच नयेत असं आपल्यातले बरेच जण म्हणतात: पुढच्या मोसमात संघात जागा हवी असलेला माणूस खरं काय लिहिणार? मला हे अर्धंच पटतं.

पटतं ते सॅम वॉरबर्टनमुळे. २०११ च्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध पहिल्या वीस मिनिटांतच वेल्सच्या या कर्णधाराला लाल कार्ड, वेल्स ९-८ ने बाहेर. पुढच्याच वर्षी त्याचं पुस्तक आलं. २०१८ मध्ये, २९ व्या वर्षी, शरीर थकलं म्हणून निवृत्त झाला आणि २०१९ मध्ये दुसरं आलं. काही बदललं नाही तर एखादा खेळाडू टीव्हीवर सगळ्यांदेखत मैदानातच जीव गमावेल, असा इशारा त्यानं दिला तो या दुसऱ्या वेळी. हातात कंत्राट असलेला कर्णधार असलं लिहीत नाही.

दुखापतीचंही तसंच. न्यूझीलंडचा कर्णधार रिची मॅकॉ २०११ ची फायनल पायाचं हाड मोडलेलं असताना खेळला आणि न्यूझीलंडनं फ्रान्सला ८-७ असं हरवलं. हाड मोडल्याचं बाहेर आलं ते स्पर्धा संपल्यावर. बरोबरच आहे, आधी कळलं असतं तर प्रत्येक 'रक'मध्ये (जमिनीवरच्या चेंडूवरून होणाऱ्या झटापटीत) कुणीतरी नेमका त्याच पायावर पडला असता.

पण याच मॅकॉनं मला उलट्या बाजूला ओढलं. त्याचं पुस्तक २०१२ चं. २०१५ मध्ये तो पुन्हा विश्वचषक उचलणार आहे हे मला माहीत, त्याला नाही! निवृत्तीनंतर लिहिणारा सगळं शेवटाकडे बघून लावून घेतो, आधीच्या पराभवांनाही अर्थ चिकटवतो. इथे तशी सोय नाही. पुढचं माहीत नसण्याचा हा अडाणीपणा मला फार आवडला. (याच पानांवर शेव-उसळीचा तेलकट डाग पडलाय. पुस्तक उसनं मागणाऱ्यांनी आधीच जाणून घ्यावं.)

आणि बालपण! ते लिहिताना ड्रेसिंग रूममधलं कुणी दुखावणार नसतं, म्हणून हात मोकळा सुटतो. दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार सिया कोलिसी तिथल्या झ्वीडे या गरीब वस्तीत आजीकडे वाढला, पहिल्या निवड चाचणीला रग्बीची चड्डी नव्हती म्हणून बॉक्सरवर उतरला. त्याचं पुस्तक २०२१ चं. ते सुरुवातीसाठी वाचाच. प्रशिक्षक, सहकारी, निवड हे सगळं आलं की मी पानं भराभर उलटतो. तिथं बहुतेकांचा सूर पत्रकार परिषदेचा होतो.

तेव्हा माझ्यापुरतं ठरलंय: असलं पुस्तक घ्यायचं, पण जुनं, स्वस्तात, आणि मधला भाग चाळायचा.

कोलिसीच्या दुसऱ्या पुस्तकाला मात्र मी थांबायला तयार आहे. २०२३ च्या विश्वचषक फायनलमध्ये, दक्षिण आफ्रिकेनं न्यूझीलंडविरुद्ध १२-११ ने जिंकलेल्या त्या सामन्यात, पिवळं कार्ड घेऊन तो दहा मिनिटं बाहेर बसला होता. ती दहा मिनिटं त्यानं निवृत्त झाल्यावरच लिहावीत.