तुमच्या कार्डावर घेऊन द्याल का?

न्यू जर्सी, लंडन, सिडनी. परदेशी राहणाऱ्या ओळखीच्या मंडळींकडून एकच विचारणा सारखी येते: "सॉफ्टवेअर तेच, मग भारतात इतकं स्वस्त कसं? तुमच्या कार्डावर आम्हाला घेऊन द्याल का?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

साबणाच्या प्रत्येक वडीला कच्चा माल लागतो. सॉफ्टवेअरची पुढची प्रत जवळजवळ फुकटात निघते, त्यामुळे कंपनीला किंमत उतरवायला भरपूर वाव असतो. ज्याला दोनशेच परवडतात, त्याचे दोनशे आले तरी फायदाच; नाहीतर तो क्रॅक, म्हणजे चोरीची फुकट प्रत, शोधणार हे ठरलेलं. डिसेंबर 2021मध्ये नेटफ्लिक्सने भारतातला बेसिक प्लॅन 499 रुपयांवरून 199वर आणला, तो काही आपल्यावरच्या मायेपोटी नव्हे.

किती उतरवायची? जागतिक बँकेच्या पुढाकाराने झालेल्या 2017च्या पाहणीत डॉलरचा बाजारभाव 65.12 रुपये होता. पण अमेरिकेत एका डॉलरला जे मिळे, ते भारतात सरासरी 20.65 रुपयांत येई. म्हणजे डॉलरमधली किंमत नुसती रुपयांत बदलून लावली, तर ती आपल्याला तिप्पट जड जाते. वर 18 टक्के जीएसटी. पगारांतली तफावत तर याहून मोठी.

स्वस्ताईची एक तऱ्हा मात्र मला कधीच पटली नाही. मायक्रोसॉफ्टने 2004-05च्या सुमारास थायलंड, इंडोनेशिया, भारत अशा देशांसाठी विंडोज एक्सपीची 'स्टार्टर एडिशन' काढली. आपल्याकडे ती हिंदीत आली. तिच्यात एका वेळी तीनच प्रोग्राम चालत. कॉम्प्युटरची ताकद असो नसो, चौथा उघडायचा नाही! अहो, पैसे कमी घ्यायचे तर घ्या, पण ताट अर्धं कशाला वाढता?

आता कार्डाचं. न्यू जर्सीकरांनो, नाही. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात अर्जेंटिना आणि तुर्कस्तानातल्यांना गेम फार स्वस्त मिळत. बाहेरचे लोक व्हीपीएन (आपण दुसऱ्याच देशातून आलोय असं भासवणारी सोय) लावून तिथले रहिवासी बनू लागले. 2021मध्ये स्टीमने देश बदलायला तीन महिन्यांतून एकदाचीच मुभा ठेवली. पुढे तिथली चलनं, पेसो आणि लिरा, गडगडत गेली आणि नोव्हेंबर 2023पासून दोन्ही देशांत किमती थेट डॉलरमध्ये लागल्या. कंपनीने कारण दिलं चलनाच्या चढउताराचं, आणि ते खोटं नव्हतं. पण बाहेरून घुसणाऱ्यांनी तिथल्या स्वस्त किमती टिकवायला मदत केली, असं कुणी म्हणणार नाही. बिल भरलं ते अर्जेंटिनाच्या राजधानीतल्या, ब्यूनोस आयर्सच्या पोरांनी.

सिडनीकरांची गोष्ट वेगळी, त्यांच्याशी मी इतका कडक वागत नाही. तिथे हीच देशागणिक किंमत उलटी फिरली होती: डाउनलोड करायचं सॉफ्टवेअर, ना जहाज ना गोदाम, तरी अमेरिकेपेक्षा कितीतरी महाग. 2013मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने ॲपल, मायक्रोसॉफ्ट आणि अडोबीला बोलावून जाब विचारला. समाधान झालं नसावं, कारण जुलैतल्या अहवालात समितीनेच सुचवलं, की दुसऱ्या देशातल्या स्वस्त किमतीत घेता येऊ नये म्हणून कंपन्या घालतात ती ऑनलाइन कुंपणं कितपत ओलांडता येतात याची माहिती सरकारने ग्राहकांना द्यावी.