तुम्ही विचारलंत म्हणून: एपीआय आहे ना, मग तुमची कंपनी कशाला?

हा प्रश्न मला इंजिनीअर मित्र विचारतात, गुंतवणूकदार विचारतात, आणि परवा एका कॉलेजातल्या मुलीनंही विचारला. पुण्यात आमची नऊ जणांची कंपनी आहे. दुसऱ्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या प्रोग्रामरना आम्ही साधनं विकतो. त्यांचं उत्पादन ग्राहकाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी (टॅली, झोहो, क्विकबुक्स) किंवा सरकारच्या ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलशी जोडताना ती लागतात. आता यातल्या प्रत्येकाला एपीआय असतोच, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामनं आत यायचा ठरलेला दरवाजा. माहितीपत्रक वाचून एखादी हुशार मुलगी दोन दिवसांत एक बिल इकडून तिकडे पाठवूनही दाखवते. आमचं काम तिसऱ्या दिवशी सुरू होतं.

टॅलीचंच घ्या. 1986 पासून या देशातल्या दुकानांचे आणि कारखान्यांचे हिशेब त्यात लिहिले जातायत. पण बहुतेक ठिकाणी टॅली असतं अकाउंटंटच्या टेबलावरच्या संगणकात. बाहेरचा प्रोग्राम त्याच्याशी सहसा 9000 क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे संगणकातल्या ठरलेल्या वाटेवरून, एक्सएमएल नावाच्या मांडणीत बोलतो. भोसरीतल्या एका कारखान्यात मी पहिल्यांदा हे काम केलं, तेव्हा तिथल्या अकाउंटंट ताई सहा वाजता संगणक बंद करून घरी जायच्या. रात्रपाळीची बिलं मग कुठं जाणार? ती सांभाळून ठेवायची, सकाळी संगणक सुरू झाला की क्रमानं पाठवायची, आणि कुठलंही दोनदा जाऊ द्यायचं नाही. एवढ्या एका गोष्टीला आम्हाला तीन आठवडे लागले होते.

शिवाय अशा बारीक गोष्टी, ज्या अनुभवानंच कळतात. टॅलीच्या एक्सएमएलमध्ये नावे रक्कम उणे चिन्हानं लिहितात आणि जमा रक्कम अधिक. शिकण्यासाठीच्या मोफत एज्युकेशन मोडमध्ये महिन्याच्या 1, 2 आणि 31 तारखेच्याच नोंदी करता येतात. हे ठाऊक नसलेला प्रोग्रामर 5 तारखेचं बिल का जात नाही म्हणून अख्खी दुपार स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो.

त्या ताईंनी मला एका पैशाचा धडा दिला. माल 333.25 रुपयांचा, जीएसटी 18 टक्के. आमचं सॉफ्टवेअर 18 टक्के एकदम काढायचं: 59.985, म्हणजे 59.99. बिलात मात्र केंद्राचा 9 आणि राज्याचा 9 टक्के वेगळा दाखवतात. प्रत्येकी 29.9925, म्हणजे 29.99, आणि बेरीज 59.98. मी म्हटलं, “ताई, एकच पैसा आहे.” त्या म्हणाल्या, “नावे-जमा जुळत नसेल तर ती नोंदच नाही.” त्यांचं बरोबर होतं. कराची रक्कम कुठल्या टप्प्यावर पैशापर्यंत पूर्ण करायची हे एपीआयच्या माहितीपत्रकात नसतं. ते हिशेब लिहिणाऱ्या माणसाला माहीत असतं, आणि त्याच्या शेजारी बसल्याशिवाय आपल्याला कळत नाही.

दोनदा जाण्याचं तर सगळ्यात मोठं भय. तुम्ही बिल पाठवलंत, उत्तर आलं नाही. पोचलं नाही, की पोचलं आणि उत्तरच वाटेत हरवलं? परत पाठवलं तर ग्राहकाच्या वहीत एकच विक्री दोनदा. इथं ई-इन्व्हॉइसची रचना मला मनापासून आवडते. तिथला आयआरएन, म्हणजे बिलाचा 64 अक्षरी नोंदणी क्रमांक, विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि त्याचा क्रमांक यांवरूनच बनतो. तेच बिल पुन्हा पाठवलं तर पोर्टल सांगतं की हे आधी नोंदलेलं आहे. सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय असती तर आमचं निम्मं काम वाचलं असतं.

कंपनी काढायचं ठरवलं ते मात्र एका सोमवारी. तेव्हा मी नोकरीत होते. परदेशी हिशेब-सॉफ्टवेअरमध्ये शिरायला टोकन, म्हणजे तात्पुरता प्रवेश-पास, लागतं, ते थोड्या वेळात संपतं आणि नवं मागावं लागतं. क्विकबुक्सचं तासाभरात संपतं, झीरो (Xero) या सॉफ्टवेअरचं अर्ध्या तासात. आम्ही ज्याच्याशी जोडलं होतं, तिथं नवं टोकन घेतलं की ते मागायची जुनी किल्ली बाद व्हायची. आमच्या दोन सर्व्हरनी एकाच क्षणी नवं मागितलं. एकाला मिळालं, आणि दुसऱ्यानं आपल्याजवळची बाद झालेली किल्ली त्या नव्या किल्लीच्या जागी जपून ठेवली. शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार दुपारपर्यंत ग्राहकाचं एकही बिल पोचलं नाही, आणि आमच्या पडद्यावर सगळं हिरवं होतं. ग्राहकाचा फोन आला तेव्हा आम्हाला कळलं. त्या फोनवर मला उत्तर देता आलं नव्हतं, ते अजून लागून राहिलंय.

हल्ली प्रश्नाला एक शेपूट जोडलेलं असतं: हे सगळं एआय लिहून देईल की! देतो, आणि पहिल्या दोन दिवसांचं काम तो माझ्यापेक्षा लवकर करतो. आम्हीही वापरतो. पण त्या कारखान्यात भंगार विक्रीचं लेजर, म्हणजे खातं, कुठल्या नावानं उघडलंय, हे ताईंनाच विचारावं लागतं.

म्हणून आमच्या साधनात सगळ्यात आधी बांधली ती नोंदवही. कुठलं बिल कधी निघालं, समोरून काय उत्तर आलं, किती वेळा पुन्हा पाठवलं, सगळं त्यात दिसतं. आणि अडलं तर नुसता एररचा क्रमांक दाखवायचा नाही, असं आम्ही ठरवलं. परवा भोसरीत बघितलं, ताईंच्या पडद्यावर लाल ओळ आली होती: ‘“स्क्रॅप सेल्स” या नावाचं लेजर टॅलीत नाही.’ त्यांनी कुणालाही फोन न करता लेजर उघडलं, ‘पुन्हा पाठवा’वर बोट ठेवलं आणि पुढचं बिल हातात घेतलं.