सांगून आलेलं स्थळ

नोव्हेंबर संपत आला की अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये मैदानावर काय चाललंय यापेक्षा कोण कुणाच्या कोचकडे बघतंय याचीच चर्चा जास्त. एखाद्या बड्या विद्यापीठाने हंगाम संपायच्या आतच आपल्या हेड कोचला नारळ दिलेला असतो आणि आता त्यांचा डोळा दुसऱ्याच्या कोचवर असतो. आपल्या कोचला स्थळ सांगून आलंय अशी कुणकुण लागली की गावाची झोप उडते. खासगी विमानं कुठून उडाली नि कुठे उतरली याचा लोक माग काढतात. कोचने मुलाखतीत 'सध्या' हा शब्द किती वेळा वापरला हेही मोजलं जातं. मग एके रात्री बातमी येते, कोच राहणार. सगळे हुश्श करतात.

हे हुश्श फार तर दोन दिवस टिकतं. तिसऱ्या दिवशी हिशेब सुरू होतो: आता कोच आहेत, पोरं आहेत, पैसाही वाढवून दिलाय, म्हणजे यंदा निदान दहा सामने तरी जिंकायलाच हवेत.

ज्यांचा या खेळाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर हा हेल्मेट घालून, बहुतांशी हातानेच खेळायचा फुटबॉल. नेहमीच्या हंगामात सामने फक्त बारा. त्यानंतर जमलं तर आपल्या गटाची, म्हणजे कॉन्फरन्सची, अंतिम लढत आणि मग बोल गेम, म्हणजे हंगामाअखेरचा आमंत्रणाचा सामना, किंवा राष्ट्रीय विजेतेपदासाठीची प्लेऑफ. पुण्या-मुंबईहून एमएस करायला आलेल्या पोरांना पहिल्या सेमिस्टरला हे वेड कळतच नाही. दुसऱ्या वर्षी तीच पोरं शनिवारी सकाळी विद्यापीठाच्या रंगाचा टीशर्ट घालून पार्किंगमध्ये ग्रिलभोवती उभी असतात. बारा सामन्यांच्या हंगामात एकेका निकालाचं वजन किती असतं ते तोवर त्यांना कळलेलं असतं. आयपीएलसारखं 'पुढच्या मॅचला बघू' इथे चालत नाही.

चाहत्याचा हिशेब चुकतो तो पहिल्याच ओळीत. कोच राहिला म्हणजे काहीतरी मिळालं असं तो धरून चालतो. खरं तर काही मिळालेलं नसतं, जाणार होतं ते गेलं नाही एवढंच. शिवाय कोचला स्थळं येतात ती चांगल्या हंगामानंतर. संघाची पातळी सरासरीने आठ विजयांची असेल आणि एका वर्षी सगळं जुळून अकरा झाले, तर त्याच वर्षी फोन वाजतो. कोच राहतो तेव्हा चाहते त्या अकराला पायरी समजून पुढचा जिना चढायला लागतात.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे आयोवा राज्यातलं एम्स. गावाची लोकसंख्या साठ-पासष्ट हजारांच्या घरात आणि आयोवा स्टेट विद्यापीठाच्या जॅक ट्राइस स्टेडियममध्ये बसतात एकसष्ट हजारांवर. या संघाने आपल्या कॉन्फरन्सचं विजेतेपद शेवटचं मिळवलं १९१२ साली. मॅट कॅम्बेल इथे २०१६च्या हंगामापासून कोच झाले. पहिल्या वर्षी ३ विजय, ९ पराभव. पुढच्याच वर्षी त्यांनी तिसऱ्या क्रमांकाच्या ओक्लाहोमाला त्यांच्याच घरी ३८-३१ असं हरवलं आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात त्यांचं नाव कुठे ना कुठे जोडलं जाऊ लागलं. २०२०च्या हंगामात ९-३ (विजय-पराभव) झाले, फिएस्टा बोलमध्ये ओरेगनला ३४-१७ असं झोपवलं. एनएफएलमधूनही, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमधूनही, विचारणा झाल्याच्या बातम्या आल्या. कॅम्बेल राहिले आणि फेब्रुवारी २०२१मध्ये त्यांनी २०२८पर्यंतचा करार केला.

वर आणखी एक घबाड होतं. कोविडमुळे खेळाडूंना एक वर्ष जास्तीचं मिळालं होतं, त्यामुळे क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवून चेंडू फेकणारा, ब्रॉक पर्डी आणि चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक ब्रीस हॉल यांच्यासकट जवळजवळ अख्खा संघ परत आला. पत्रकारांच्या मतांवर ठरणाऱ्या हंगामाआधीच्या एपी क्रमवारीत आयोवा स्टेट सातव्या स्थानावर, म्हणजे विद्यापीठाच्या इतिहासात सर्वांत वर. एम्समध्ये त्या उन्हाळ्यात प्रश्न एवढाच होता की विजेतेपदाच्या सामन्यात समोर कोण असेल.

झाले ७-६.

पण ते कसे झाले ते बघण्यासारखं आहे. ११ सप्टेंबरला घरच्या मैदानावर राज्यातल्या पिढीजात प्रतिस्पर्ध्याशी, आयोवा विद्यापीठाशी, सामना होता. आयोवाला पूर्ण सामन्यात चेंडू पुढे नेत जेमतेम १७३ यार्ड मिळाले, आयोवा स्टेटला ३३९. तरी निकाल १७-२७. कारण आयोवा स्टेटने चेंडू चार वेळा समोरच्याच्या हाती दिला आणि आयोवाने एकदाही नाही. पुढे बेलरकडून २९-३१ असा पराभव. तिथे शेवटच्या मिनिटात टचडाउन (चेंडू समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं, सहा गुण) करूनही बरोबरीसाठी लागणारी दोन गुणांची चाल फसली. टेक्सस टेकविरुद्ध तर ३८-३८ अशी बरोबरी ओढून आणली होती, आणि घड्याळ संपता संपता त्यांच्या किकरने ६२ यार्डांवरून, म्हणजे जवळजवळ ५७ मीटरवरून, चेंडू खांबांमधून पार केला. कॉलेजात ५० यार्डांपलीकडची किक म्हणजेच जुगार, ६२ म्हणजे चमत्कार. त्या वर्षीचे सहा पराभव एकत्र केले तर गुणांचा फरक ३६ भरतो. छत्तीस गुणांत अख्खं वर्ष वाहून गेलं.

आठ गुण किंवा त्याहून कमी फरकाने सुटलेल्या सामन्यांना तिकडे 'वन-स्कोअर गेम' म्हणतात, कारण एक टचडाउन आणि दोन गुणांची चाल मिळून आठच होतात. आयोवा स्टेटचे हे सामने काढले तर २०२०मध्ये ४ विजय, २ पराभव. २०२१मध्ये २ विजय, ५ पराभव. २०२२मध्ये १ विजय, ६ पराभव, आणि एकूण हंगाम ४-८. २०२४मध्ये हेच आकडे ५ विजय, १ पराभव असे फिरले आणि विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्यांदाच ११ विजय झाले. या सगळ्या वर्षांत कोच तेच. बचावाची आखणी करणारे सहायक कोच, म्हणजे कोऑर्डिनेटर, जॉन हीकॉकही तेच. २०२२च्या ४-८नंतर 'कॅम्बेलची जादू संपली' म्हणणारे आणि २०२४मध्ये 'जादू परतली' म्हणणारे बहुधा तेच लोक.

अटीतटीचे सामने जिंकायला कसब लागत नाही असं नाही. चांगला किकर, घड्याळ सांभाळणारा क्वार्टरबॅक, शेवटच्या क्षणी टाइमआउट हाताशी ठेवणारा कोच, यांनी फरक पडतोच. २०२२मध्ये आयोवा स्टेट कॅन्ससकडून ११-१४ असं हरली त्या सामन्यात तीन फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून मारायच्या किका, हुकले होते, त्याला नशीब म्हणणं म्हणजे किकिंग कोचला फुकटची माफी. पण लांबट चेंडू हातातून निसटून जमिनीवर पडला की तो कुठे उडी घेईल हे कुणालाच सांगता येत नाही. चेंडू पाडायला लावणं ही कला, पडलेला आपल्याच माणसाखाली येणं हा बराचसा निम्मा-निम्मा मामला. म्हणून एखाद्या वर्षी असे बहुतेक सामने जिंकलेला संघ पुढच्या वर्षी मधल्या पातळीकडे घसरतो. कोच राहिला की गेला, याचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो.

आता उलट उदाहरण. मिशिगनचे जिम हार्बॉ फेब्रुवारी २०२२मध्ये एनएफएलच्या मिनेसोटा व्हायकिंग्जकडे मुलाखतीला गेले, तेही शाळेतून येणाऱ्या नव्या पोरांनी विद्यापीठाशी सह्या करायच्या दिवशीच. तिथे जमलं नाही, परत आले. त्याच हिवाळ्यात त्यांचे दोन्ही मुख्य कोऑर्डिनेटर दुसरीकडे गेले. कोच राहिला पण हाताखालचे गेले, तर सावध व्हावं असं जाणकार सांगतात, आणि एरवी ते खरंच आहे. तरी मिशिगन १३-१ झालं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा एनएफएलची हूल, पुन्हा मुक्काम, आणि २०२३मध्ये १५-० करून राष्ट्रीय विजेतेपद. मग जानेवारी २०२४मध्ये हार्बॉ एनएफएलच्याच चार्जर्सकडे गेले. इथे अपेक्षा का फळल्या? माझ्या मते उत्तर क्वार्टरबॅकच्या पुढे उभ्या राहणाऱ्या पाच धिप्पाड माणसांत आहे. देशातल्या सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइनला मिळणारं जो मूर पारितोषिक मिशिगनने २०२१ आणि २०२२ असं सलग दोनदा घेतलं. अशी लाइन असली की सामने अटीतटीला येतच नाहीत, आणि आले नाहीत की चेंडू कसा उडेल याची काळजीही करावी लागत नाही.

चाहते नेमकं हेच बघत नाहीत. त्यांची नजर असते कराराच्या एकूण आकड्यावर. हा आकडा वाचायलाही शिकावं लागतं. करारात दोन बायआउट असतात. एक, विद्यापीठाने काढलं तर कोचला किती द्यायचे. दुसरा, कोच स्वतः गेला तर त्याने, म्हणजे बहुधा त्याच्या नव्या विद्यापीठाने, किती भरायचे. पहिला आकडा अवाढव्य असतो आणि दुसरा दरवर्षी घटत जातो. म्हणजे दहा वर्षांच्या कराराने कोच बांधला जात नाही, विद्यापीठ बांधलं जातं. खरा कामाचा आकडा सहायक कोचेसच्या पगारासाठी ठेवलेल्या रकमेचा, आणि आता खेळाडूंना वाटायच्या रकमेचा. जुलै २०२५पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षीची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, तयार टॅकल (लाइनच्या टोकाचा गडी) आणायचा तर कोचच्या पगाराचा काय उपयोग?

केंटकीचे मार्क स्टूप्स नोव्हेंबर २०२३मध्ये टेक्सस ए अँड एमला जाता जाता एका रात्रीत राहिले. पुढचं वर्ष ४-८, त्याच्या पुढचं ५-७, आणि डिसेंबर २०२५मध्ये विद्यापीठाने पावणेचार कोटी डॉलरच्या आसपासचा बायआउट कबूल करून त्यांना मोकळं केलं. पेन स्टेटच्या जेम्स फ्रँकलिननी २०२१मध्ये स्थळांची चर्चा ऐन रंगात असताना दहा वर्षांचा करार केला होता. २०२५ला हंगामाआधी संघ दुसऱ्या क्रमांकावर होता. ओरेगनकडून दोन जादा डावांत हार, मग तोवर एकही सामना न जिंकलेल्या यूसीएलएकडून, मग नॉर्थवेस्टर्नकडून एका गुणाने. दुसऱ्या दिवशी कोच घरी. मधल्या काळात याच कोचने संघाला प्लेऑफच्या उपांत्य फेरीपर्यंत नेलं होतं, पण ते कुणाच्या लक्षात राहतं?

मग कोच राहिल्याचा फायदा काहीच नाही का? आहे, पण तो उशिरा पोचतो. डिसेंबरच्या सुरुवातीला सह्या करणारी शाळकरी पोरं पळून जात नाहीत. त्यातला लाइनमन आज एकशे वीस किलोंचा असेल तर त्याला एकशे चाळीसच्या तयार गड्यांपुढे उभं करायला वजनखोलीत दोन-तीन वर्षं जातात. म्हणजे आज कोच थांबल्याचं फळ दोन-तीन हंगामांनी, आणि चाहत्याला ते हवं येत्या सप्टेंबरात. येत्या सप्टेंबरचा अंदाज बांधायचा असेल तर चार गोष्टी बघाव्यात: क्वार्टरबॅक परत येतोय का, लाइनमधले पाचांपैकी किती परत येतायत, गेल्या वर्षी अटीतटीचे किती जिंकले, आणि कॉन्फरन्समधले तगडे संघ घरी आहेत की त्यांच्या दारी. कोचचं नाव या यादीत घेतलेलं नाही, कारण ते सगळ्यांनी आधीच दुप्पट धरलेलं असतं.

फ्रँकलिनच्या रिकाम्या खुर्चीसाठी पेन स्टेटने डिसेंबर २०२५मध्ये ब्रिगम यंग विद्यापीठाच्या कलानी सिताकेंना विचारलं. सिताके स्वतः तिथेच खेळलेले, त्यांनी नकार दिला. त्याच आठवड्यात पेन स्टेटने एम्स गाठलं आणि या वेळी कॅम्बेल गेले, ७२ विजय आणि ५५ पराभव मागे ठेवून. आयोवा स्टेटने बोल गेमचं आमंत्रण नाकारलं. क्वार्टरबॅक रोको बेख्ट कॅम्बेलच्या मागोमाग पेन स्टेटला गेला, बाकीचेही भराभर पोर्टलमध्ये शिरले. कोच जाणं म्हणजे काय हे तिथे एका महिन्यात कळलं.

आणि ब्रिगम यंगच्या गावी, प्रोव्होमध्ये, हुश्श चालू होतं. ब्रिगम यंगने २०२५चा हंगाम १२-२ असा संपवला, बेअर बाखमायरसारखा पहिल्याच वर्षाचा क्वार्टरबॅक घेऊन. दोन्ही पराभव टेक्सस टेककडून, एक बावीस गुणांनी आणि एक सत्तावीस गुणांनी. कोलोरॅडोवर विजय तीन गुणांनी, ॲरिझोनावर दोन जादा डावांत सहा गुणांनी, यूटावर तीन, बोल गेममध्ये जॉर्जिया टेकवर चार. म्हणजे अटीतटीचे चार सामने आणि चारही जिंकलेले. २०२६साठी तेराव्या विजयाचं गणित मांडणाऱ्यांनी त्या चारांतले दोन आधी बाजूला काढून ठेवावेत, आणि मग टेक्सस टेकला अडवायला समोर किती किलोंची माणसं उभी राहणार तेवढं विचारावं.